हॅरी पॉटरची मालिका येतेय : पुस्तकातलं नेमकं काय बघायला मिळावं?

कृष्णाकाठ
मंडळी, हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांवर मालिका येणार हे २०२३ पासून ऐकतोय. २०२५ च्या १४ जुलैला लंडनजवळ लीव्ह्सडनला शूटिंग सुरू झालं, गोल चष्म्यातल्या नव्या हॅरीचा फोटो आला आणि मला पहिल्यांदा ते खरं वाटलं. एका पुस्तकाला एक सीझन असा बेत आहे. पहिला सीझन २०२७ मध्ये येईल असं एचबीओने तेव्हा जाहीर केलं.

सिनेमे मी कितीदा पाहिलेत त्याला मोजमाप नाही. तरी दर वेळी रुखरुख राहते. सिनेमात हॉगवर्ट्स ही जादूची शाळा दिसते, शाळेतले दिवस दिसत नाहीत. इतिहासाचे बिन्स सर घ्या. एक दिवस स्टाफरूममध्ये शेकोटीपुढे बसल्या बसल्या गेले आणि दुसऱ्या दिवशी देह खुर्चीतच ठेवून भूत होऊन तासाला हजर! त्या रटाळ तासाला अख्खा वर्ग पेंगतोय, हे मला बघायचंय. शाळेतल्या निक नावाच्या भुताच्या मृत्युदिनाची ती सडक्या माशांची मेजवानी बघायचीय. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी स्नेप मास्तरने रचलेलं सात बाटल्यांचं कोडं बघायचंय. तीन बाटल्यांत विष, दोनांत मद्य, एक पुढे नेणारी, एक मागे नेणारी. तिथे जादू चालत नाही, डोकं चालवावं लागतं, आणि ते हॅरीची मैत्रीण हर्मायनी चालवते. सिनेमात हा प्रसंगच नाही. तिची सगळ्यात मोठी कामगिरी तिथे गेली असं मला कायम वाटत आलंय.

सध्या चौथीतल्या भाचीला रोज रात्री पहिलं पुस्तक, 'हॅरी पॉटर आणि परीस', वाचून दाखवते. बाळ ऊर्ध्वरेषे यांचा अनुवाद, मंजुलचं पुस्तक. तिने सिनेमे पाहिलेले नाहीत आणि मालिका येईपर्यंत मी दाखवणारही नाही. 'परीस' हा शब्द किती नेमका बसलाय बघा. शेजारी माळ ओढत बसलेली आमची आईसुद्धा परीस म्हटल्यावर कान देऊन ऐकायला लागली.

एकच अडचण आहे. ही प्रत २०१९ च्या पुरात भिजलेली. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो, कपाटाच्या खालच्या दोन फळ्या पाण्यात होत्या. पंख्याखाली ठेवून वाळवली, पण बारावं प्रकरण, आरशाचं, त्याची पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसलीत. तिथवर पोचले की तोंडी सांगावं लागणार.

तर प्रश्न असा : सिनेमात राहून गेलेलं काय मालिकेत यावं असं तुम्हाला वाटतं? एकच सांगायचं. (मी तीन सांगितली, पण धागा माझा आहे.)

अक्षरवेल
पीव्ह्ज! पीव्ह्ज! पीव्ह्ज!

मनवा_२००४
पीव्ह्जला +१००. पहिल्या सिनेमासाठी रिक मेयल या नटाने पीव्ह्जचे प्रसंग केले होते, चित्रणही झालं होतं, पण शेवटी सगळं कापलं. मोठ्यांच्या हाती न लागणारं एक तरी खोडकर भूत शाळेत हवंच ना.

पेठनाका
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मुळात ही मालिका कशाला? पहिला सिनेमा २००१ चा, शेवटचा २०११ चा. काही शतकं लोटलेली नाहीत. ॲलन रिकमनचा स्नेप, मॅगी स्मिथची मॅकगोनागल, रॉबी कोल्ट्रेनचा हॅग्रिड. तिघंही आता नाहीत. त्यांच्या जागी दुसरा चेहरा बघताना माझ्या पोटात तुटणार. इस्लामपूरला टॉकीजमध्ये शेवटचा भाग वडिलांबरोबर पाहिला होता. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण स्नेपच्या आठवणी सुरू झाल्यावर ते पुढे सरकून बसले. घरी जाताना म्हणाले, "त्या काळ्या झग्यातल्या मास्तरावर आपण उगीच संशय घेतला." वडीलही आता नाहीत. तो मास्तर मला तसाच राहू दे असं वाटतं.

कृष्णाकाठ
पेठनाका दादा, राग कसला. तुमच्या वडिलांचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

सज्जनगड
पेठनाका, भावना पोचली. फक्त एक हिशोब मांडतो, कारण त्यामुळे माझं मत बदललं. पुस्तकात हॅरीचे आईवडील गेले तेव्हा ते २१ वर्षांचे होते. स्नेप त्यांच्याच वर्गातला, म्हणजे हॅरी शाळेत येतो तेव्हा तो ३१ चा. रिकमन १९४६ चे, पहिल्या सिनेमाच्या वेळी पंचावन्नच्या घरात. काम अफाट केलं, पण त्यामुळे सगळी पिढीच वीस-पंचवीस वर्षांनी पुढे सरकली. बापाचे मित्र सिरियस आणि ल्युपिन, हॅरीचे आईवडील, सगळेच पोक्त दिसतात. पुस्तकात ती तरुण पोरं आहेत हो! विशीत लढायला निघालेली, विशीतच मेलेली. उरलेली तिशीत म्हातारी झालेली. हे डोळ्यांना दिसलं की सिरियसचा उतावीळपणा आणि स्नेपचा खुनशीपणा दोन्ही वेगळे कळतात. नवा स्नेप पापा एसिएडू १९९० चा आहे. वयाच्या बाबतीत तरी ही निवड पुस्तकाच्या जवळ जाते.

अक्षरवेल
वय जवळ गेलं, पण वर्णन? फिकट पिवळट कातडी, आकडेबाज नाक, तेलकट केस असं लिहिलंय. एसिएडू कृष्णवर्णीय आहेत. मला त्यांच्या कामाबद्दल शंका नाही, काळजी वेगळीच आहे. हॅरीचा बाप आणि त्याचे मित्र मिळून स्नेपला छळतात, सगळ्यांसमोर उलटा टांगतात. हे चार गोरे मुलगे आणि एक काळा मुलगा असं दिसलं तर त्या प्रसंगाचा अर्थच बदलेल. लेखिकेने रंगवलेल्या अर्थापेक्षा जड होईल तो.

मनवा_२००४
पण तो प्रसंग जडच आहे की! हॅरीला स्वतःच्या बापाची लाज वाटते, इतका जड. उलट मी तर म्हणते, जेम्स तिथे किती वाईट वागला हे सिनेमात फार पटकन निघून गेलं.

अक्षरवेल
मनवा, जेम्स वाईट वागला हे दिसायला हवंच. पण पुढे तो सुधारला, लिलीने त्याच्याशी लग्न केलं, हेही प्रेक्षकाला पटायला हवं. लिहिणाऱ्यांना ते फार जपून करावं लागेल, एवढंच म्हणणं आहे. करतीलही. वाट बघू.

मिरजकर
कृष्णाकाठ ताई, माझ्याकडे 'परीस'ची धड प्रत आहे. लागली तर सांगा.

माझं उत्तर : पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म, नऊ आणि दहाच्या मधून जादूने जायचं तो. सिनेमात आहेच, पण पुस्तकातली भीती नाही. आठवतं का, मावशीचा नवरा त्याला स्टेशनात सोडून हसत हसत निघून जातो. अकरा वर्षांचं पोर, भली मोठी पेटी, पिंजऱ्यात घुबड, गाडी सुटायला थोडा वेळ उरलाय आणि विचारणार कुणाला? गार्डला विचारलं तर तो चिडतो. मिरज जंक्शनच्या पोराला हे अंगात भिनतं. आमच्या लहानपणी इथे ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशा तिन्ही रुळांच्या गाड्या यायच्या. पंढरपूरची छोटी गाडी एकीकडे, बेळगावची दुसरीकडे. एकदा गर्दीत माझा हात सुटला आणि मी चुकीच्या फलाटावर जाऊन रडत उभा. एका बाईने हाताला धरून आईकडे नेलं. हॅरीला त्याच्या होणाऱ्या मित्राची, रॉनची आई भेटते ना, "पहिल्यांदाच जातोयस का हॉगवर्ट्सला" अशा अर्थाचं काहीतरी सहज विचारते, तिथे मला दर वेळी ती बाई आठवते. त्या प्रसंगाला घाई नको. चांगली दहा मिनिटं द्या.

कृष्णाकाठ
मिरजकर, लागली तर म्हणजे काय, लागणारच आहे!! नवव्या प्रकरणात आहोत. आणि रॉनच्या आईबद्दल अगदी खरं.

शाळाबाई
मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास गोष्टीचा. गेल्या वर्षी पहिलं पुस्तक पूर्ण वाचून दाखवलं. आमच्या पोरांनी काय काय विचारलं ते सांगते, कारण मालिका करणाऱ्यांनी इथेच लक्ष द्यावं असं मला वाटतं.

मला वाटलं होतं, जादूच्या छडीवर प्रश्न येतील. आले ते हॅरी मावशीकडे राहतो त्या जिन्याखालच्या अडगळीवर. "बाई, त्याला जेवायला कोण वाढायचं?" "मावशी सख्खी का चुलत?" माझ्या वर्गात दोन मुलं आजोळी राहून शिकतात, आईबाप कामाला बाहेरगावी. त्यातला एक जण एरवी गप्प असतो. तो म्हणाला, "आमचा मामा चांगला हाय." सगळा वर्ग गप्प झाला. मग तोच म्हणाला, "पण मावशीला बी पत्र आलं असतं तर ती बी जादूची झाली असती."

पहिलं पुस्तक होतं ते. त्या मावशीने, पेट्यूनियाने, लहानपणी मुख्याध्यापक डम्बलडोरला पत्र लिहून हॉगवर्ट्सला घ्या म्हणून विनवलं होतं, हे सातव्या पुस्तकात कळतं. त्या पोराने काही न वाचता पहिल्यातच ओळखलं! म्हणून माझं एक उत्तर : पेट्यूनिया मावशी. तिला नुसती विनोदी खाष्ट बाई करू नका. जिच्या बहिणीला पत्र आलं आणि जिला आलं नाही, अशी ती बाई आहे.

सज्जनगड
बाई, तुमचा तो मुलगा! अंगावर काटा आला.

मनवा_२००४
शाळाबाई, मराठीत डब झाली तर तुमची पोरं बघतील का?

शाळाबाई
बघतील का? वाट बघतायत. पण डबिंग करताना त्या पुस्तकी मराठीचा बडगा नको. हॅग्रिड पुस्तकात गावाकडचं इंग्रजी बोलतो, त्याला मराठीत आमच्याकडचं बोलणं द्या. "हॅरी, तू जादूगार हाईस लेका!" मी असंच वाचलं आणि वर्गाने टाळ्या दिल्या. ते सात बाटल्यांचं कोडंही मूळ पद्यात आहे, मराठीतही पद्यातच हवं. उखाण्यासारखं वाचलं की पोरं लगेच सोडवायला बसतात.

तात्या_हरिपूर
मी मालिका-बिलिका फार बघत नाही, नातवामुळे ही पुस्तकं वाचली. पण हा धागा सांगलीकरांनी काढलाय म्हणून थोडं अवांतर लिहितो.

अद्भुत गोष्ट डोळ्यांपुढे उभी करण्याचा उद्योग आपल्या गावाला नवा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच. त्या काळात वीज नाही, पडद्यामागचं यंत्र नाही. राक्षस यायचा तो आरोळ्या ठोकत, राळेचा भपका उडवत. त्या 'अललडुर्र'वरून पुढे अशा नाटकांना लोक अललडुर्र नाटकंच म्हणायला लागले. मोरावर बसून सरस्वती यायची, म्हणजे नट मोराचा आकार कमरेला बांधून नाचायचा. त्याचे पाय सगळ्यांना दिसायचे, तरी लोक हात जोडायचे.

आम्ही हौशी नाटकं केली तेव्हाही हेच अनुभवलं. राक्षस खरा वाटायचा तो त्याला घाबरणाऱ्या नटामुळे. हॅग्रिडची उंची संगणकावर वाढवतील, ड्रॅगन अगदी खरा करतील. पण त्या ड्रॅगनकडे बघणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत भीती नसेल तर सगळं फुकट. माझी सगळी भिस्त त्या तीन मुलांवर आहे. तीस हजारांहून जास्त मुलांतून निवडलीत म्हणे. हर्मायनी करणारी अराबेला स्टँटन लंडनच्या रंगभूमीवर काम केलेली आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. जित्या प्रेक्षकांपुढे उभं राहिलेलं पोर कॅमेऱ्यापुढे डगमगत नाही.

अक्षरवेल
तात्या, दंडवत. यावर वेगळा धागा काढाच.

पेठनाका
तात्या, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जॉन लिथगो डम्बलडोर करतायत, ते १९४५ चे. इतक्या वर्षांची मालिका अंगावर घेतलीय. त्यांच्यासाठी तरी पहिला भाग बघेन.

एक मात्र पटत नाही. सात सीझन आणि प्रत्येकाला दीड-दोन वर्षं लागली तर पोरं पंचविशीत जातील. अकरा वर्षांच्या हॅरीची गोष्ट अकरा वर्षांच्याच मुलाने करायला हवी. सिनेमावाल्यांनी दहा वर्षांत आठ उरकले, ते मोठं अवघड काम होतं हे आता कळतं.

सज्जनगड
ही काळजी मलाही आहे. पण काळ तरी तोच ठेवतील असं वाटतं. निक १४९२ ला मेला आणि त्याचा पाचशेवा मृत्युदिन दुसऱ्या पुस्तकात आहे, म्हणजे ते वर्ष १९९२. पहिलं पुस्तक १९९१ चं. मोबाइल नाही, इंटरनेट नाही. आपण तेव्हा साताऱ्यात पोस्टमन कधी येतो याची वाट बघत ओट्यावर बसायचो. पत्राची वाट बघणं काय असतं हे आजच्या मुलांना या मालिकेतून कळलं तर मला आनंद होईल. पुस्तकात ती पत्रं येत राहतात, मावशीचा नवरा फाडत राहतो, दाराला खिळे ठोकतो, शेवटी समुद्रातल्या खडकावर जाऊन बसतो. त्या सगळ्याला एक अख्खा एपिसोड लागला तरी लागू दे.

मार्केटयार्ड
खूप दिवसांनी लॉगिन केलं. मला हवाय हॉगवर्ट्सचा मुदपाकखाना.

आठ सिनेमांत शाळेत जेवणावळी उठतात, सोन्याच्या ताटांत आपोआप पदार्थ येतात. ते आपोआप येत नाहीत. खाली तळघरात शंभरावर घरगडी एल्फ राबतात, वरच्या टेबलांच्या बरोबर खाली त्यांची टेबलं आहेत, तिथून ताटं वर जातात. चित्रातल्या नासपतीला गुदगुल्या केल्या की दार उघडतं. चौथ्या पुस्तकात हर्मायनीला हे कळतं तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरत नाही. ती एल्फांसाठी संघटना काढते, बिल्ले करते, दोन सिकल वर्गणी ठेवते. सगळे तिला हसतात, रॉनसुद्धा. सिनेमात हे काहीच नाही. विंकी ही एल्फ नाही, संघटना नाही.

आमचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. संध्याकाळी घरी आले की अंघोळीचं पाणी पिवळं व्हायचं. लोकांना हळद दिसते, पोत्याखालची पाठ दिसत नाही. मी अकरावीत चौथं पुस्तक वाचलं आणि त्या मुलीचा प्रश्न वाचून हातातलं पुस्तक खाली ठेवलं. गोष्टीत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं की हे जेवण करतं कोण. बरं, पुस्तकात एल्फांना स्वतःलाच सुटका नकोय, ते तिच्यावर चिडतात, हेही खरंय आणि आमच्या गल्लीत मी तेही पाहिलंय. हे अवघड आहे म्हणूनच दाखवा. सातव्या पुस्तकात ऐन लढाईत रॉन म्हणतो की एल्फांना बाहेर काढायला हवं, आणि तिथे हर्मायनी त्याला मिठी मारते. आधीची तीन वर्षं दाखवली नाहीत तर त्या मिठीला काय अर्थ?

शाळाबाई
मुदपाकखान्याला माझं मत. दादा, तुमचा प्रतिसाद शनिवारी वर्गात वाचून दाखवू का?

मार्केटयार्ड
दाखवा की बाई. वडिलांना सांगतो, त्यांना बरं वाटेल.

मनवा_२००४
एवढं सगळं वाचल्यावर मी पीव्ह्जवरून उत्तर बदलते.

पाचव्या पुस्तकात नाताळात हॅरी, रॉन, हर्मायनी आणि रॉनची बहीण जिनी जादूच्या दवाखान्यात जातात आणि तिथे अचानक त्यांच्या वर्गातला नेव्हिल आजीबरोबर भेटतो. त्याचे आईवडील तिथे आहेत. छळ करून करून त्यांची शुद्ध हरपलीय, पोटच्या मुलालाही ओळखत नाहीत. आई हळूहळू चालत येते आणि त्याच्या हातात काहीतरी देते. च्युइंगमचा रिकामा कागद. आजी म्हणते टाकून दे, तिने तुला आजवर इतके दिलेत की खोलीची भिंत भरेल. नेव्हिल तो खिशात ठेवतो.

पाचवं पुस्तक सातांत सगळ्यात जाड, आणि सिनेमा १३८ मिनिटांचा, आठांतल्या सगळ्यात छोट्या दोनांपैकी. हा प्रसंग त्यात नाही.

माझी आजी शेवटची चार वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. मी कॉलेजातून आले की ती माझ्या हातात भडंगातला एक शेंगदाणा द्यायची. एकच. उशीखाली राखून ठेवलेला असायचा. तिला माझं नाव आठवायचं नाही, पण कुणीतरी येतं आणि त्याला काहीतरी द्यायचं असतं, एवढं राहिलं होतं. मी ते शेंगदाणे खाल्ले नाहीत. एका डबीत आहेत. घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुस्तकात नेव्हिलने तो कागद खिशात घातला तेव्हा मला कळलं की असं करणारी मी एकटी नाही.

त्या प्रसंगाला संगीतसुद्धा नको. नुसता कागदाचा आवाज पुरे.

तात्या_हरिपूर
मनवा बाळ, डबी जपून ठेव.

पेठनाका
…
(लिहिता येत नाही. पाचव्या सीझनपर्यंत बघेन.)

अक्षरवेल
मी पीव्ह्जवरच आहे, पण आता त्याच्या खालोखाल नेव्हिल. आणि जिनीसुद्धा! सिनेमातली जिनी गप्प, पुस्तकातली सहा भावांना पुरून उरणारी. त्यांच्यातला चार्ली तर सिनेमात एका फोटोपुरताच आहे.

सज्जनगड
माझं उत्तर राहिलंच. शाळेचा तो जादूचा नकाशा. मूनी, वर्मटेल, पॅडफूट, प्राँग्ज या चौघांनी तो केला आणि हे चौघे म्हणजे ल्युपिन, पेटिग्रू, सिरियस, हॅरीचा बाप, हे तिसऱ्या सिनेमात सांगितलंच नाही. नुसता सिनेमा पाहणाऱ्याला कळतच नाही की हॅरीच्या खिशात बापाचीच वस्तू आहे.

कृष्णाकाठ
सगळ्यांचं वाचतेय. मालिका हातात असती तर कुणाचंच काही कापलं नसतं.

काल अकरावं प्रकरण संपलं. भाचीने चिकटलेली पानं हातात घेऊन उजेडासमोर धरली आणि म्हणाली, "आत्या, आरशाचं प्रकरण आहे ना, मग ते उलटीकडून वाचता येत असेल." पानं एकमेकांवर उमटून अक्षरं खरंच उलटी दिसतायत! मी तिला अजून सांगितलेलंही नाही की त्या आरशावरची ओळ उलटी लिहिलेली आहे.

मिरजकर, आता ती प्रत हवीच. तोंडी सांगायला मन होत नाही.

मिरजकर
रविवारी सकाळी साडेदहाला मिरज स्टेशनला या, भाचीला घेऊन. पादचारी पुलाच्या पायथ्याशी उभा असेन. पुस्तक घ्या, आणि तिला दोन फलाटांच्या मधला खांब दाखवायचा राहिला असेल तर तोही दाखवू.

कृष्णाकाठ
येतो. ती आत्ताच विचारतेय, पेटी घ्यायची का.